आधी चित्र, मग कविता

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1511 मध्ये न्यूरेंबर्ग या जर्मन शहरात स्वतः प्रकाशित केलेल्या ‘मेरीचे जीवन’ या येशूच्या आईवरील ग्रंथात त्याच्या लाकडी ठशांच्या पानभर चित्रांसमोर बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचा साधू केलिडोनियस याची लॅटिन पद्ये छापलेली आहेत. सचित्र काव्य म्हटले की चित्रकार कवीच्या मागून चालतो असे आपण गृहीत धरतो. येथे मात्र बहुतेक चित्रे 1505 पर्यंत तयार होऊन सुटी विकलीही जात होती आणि पद्ये नंतर त्यांच्यासाठी रचली गेली. लाकडी ठसा आणि छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरे) या दोन्हींत शाई उठावाच्या भागावरच लागत असल्याने चित्र व मजकूर एकाच यंत्रावर छापता येत, ही सोय मोठीच होती.

केलिडोनियसने आपली पद्ये विदुषी मठाध्यक्षा कारितास पिर्कहायमर हिला अर्पण केली. ख्रिस्तकथेला त्याने प्राचीन रोमन वृत्तांचा साज चढवला. मला तो काहीसा जड वाटतो, परंतु लॅटिन जाणणाऱ्या मानवतावादी, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन विद्येच्या अभ्यासक, वाचकांना तोच हवा असावा. ग्रंथाच्या शेवटी चित्रांची चोरून नक्कल करणाऱ्यांना पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट माक्सिमिलियन याच्या नावाने दिलेली ताकीद मात्र भक्तिरसापासून बरीच दूर, चांगलीच खरमरीत आहे.