१४९ चं पायपेडल: न्यूट्रल एकदाचं सापडलं

मंडळी, पेडलवरून पाय उचलला की ट्रॅक्टर आता जागच्या जागी थांबतो. पुढे रांगत नाही, मागेही नाही. बागेतल्या ट्रॅक्टरचा हाताने चालवायचा पुढे-मागेचा लिव्हर काढून तिथे पायपेडल बसवतोय, हे मागे लिहिलं होतं; ते वाचून ज्यांनी 'राहू दे, लिव्हरच बरा' असा सल्ला दिला होता, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सुरुवातीलाच लिहिलं.

नव्यांसाठी थोडक्यात: गाडी म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरची कब कॅडेट १४९, १९७१ ते १९७४ मधलं मॉडेल, १४ हॉर्सपॉवरचं कोहलर के-३२१ इंजिन आणि मागे संडस्ट्रँडचा हायड्रो, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या पंप आणि मोटरने चाकं फिरवणारी यंत्रणा. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात पुढे ब्लेड लावून बर्फ ढकलायचा तर एक हात स्टिअरिंगवर, दुसरा ब्लेडच्या लिव्हरवर, आणि दर दहा फुटांवर पुढे-मागे करायला हायड्रोच्या लिव्हरसाठी तिसरा हात. म्हणून पेडल. ट्रनियनच्या (हायड्रोतून बाहेर येणारा, पंपाची प्लेट कलवणारा दांडा) झिजलेल्या खाचा वेल्डने भरून परत कापल्या, ते मागे सविस्तर लिहिलंच आहे.

आता मूळ दुखणं. लिव्हरला न्यूट्रलकडे परत यायची गरजच नसते. घर्षणाच्या वॉशरमुळे तो ठेवाल तिथे राहतो, आणि ब्रेक दाबला की कॅम ब्रॅकेट त्याला न्यूट्रलला आणतं. पेडलचं उलटं आहे. पाय काढला की स्वॉशप्लेट (पंपातली कलणारी प्लेट; ती जितकी कलेल तितकं तेल) आपोआप मधोमध आली पाहिजे, आणि 'साधारण मधोमध' चालत नाही. प्लेट जरा कलली तरी पंप थोडं तेल ढकलतोच, आणि मोटर ते इमानदारीने चाकांपर्यंत पोचवते.

सगळे करतात तेच आधी केलं होतं: ट्रनियनच्या आर्मच्या दोन्ही बाजूंना एकेक ओढीचा स्प्रिंग. जॅकवर चाकं उचलून न्यूट्रल लावलं की छान. पेडल पुढे दाबून सोडलं की चाकं हळूहळू पुढे फिरतात, मागे दाबून सोडलं की मागे. जास्त कडक स्प्रिंग लावले तर फरक कमी व्हायचा, पण जायचा नाही, आणि पोटरी भरून यायची.

भारतात जाताना बॅगा तोलायला जो हुकाचा काटा आपल्या सगळ्यांकडे असतो, तो आर्मला अडकवला आणि कोडं सुटलं. ट्रनियन हलवायला तेल गरम असताना ३ किलो लागतात, थंडीत तेल घट्ट झालं की ४. माझ्या दोन स्प्रिंगची मिळून ताकद होती मिलिमीटरला अर्धा किलो. म्हणजे आर्म मध्यापासून ८ मिमीवर आला की स्प्रिंगचा जोर ४ किलोवर उतरतो, घर्षणाशी बरोबरी होते आणि आर्म तिथेच बसतो. एका बाजूची पूर्ण चाल २५ मिमी, त्यातले ८ मिमी म्हणजे रमतगमत चालण्याचा वेग! दोन स्प्रिंगच्या रस्सीखेचीत मध्यावर जोर शून्यच असतो. गरज नेमकी तिथे, आणि नेमका तिथेच स्प्रिंग हात वर करतो.

उत्तर हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये आयतं होतं. स्प्रिंग-सेंटर स्पूलच्या (व्हॉल्व्हमधली मागेपुढे सरकणारी दांडी, जी स्प्रिंगने मध्यावर परत येते) टोपीत एकच स्प्रिंग दोन वॉशरांच्या मध्ये आधीच दाबून कैद केलेला असतो. स्पूल कुठल्याही बाजूला सरकला तरी तोच स्प्रिंग आणखी दाबला जातो, आणि मध्यावरून तसूभर हलायलासुद्धा आधी तो सुरुवातीचा दाब मोडावा लागतो. तो दाब घर्षणापेक्षा जास्त ठेवला की विषय संपला.

तेच केलं. पाइपचा तुकडा, आत राउंड बार, दोन जाड वॉशर, मध्ये एक स्प्रिंग. आधी जुन्या कोहलरचा व्हॉल्व्ह स्प्रिंग घालून पाहिला, तो फारच राकट. डब्यातला एक लांबट, मऊ स्प्रिंग निघाला: मिलिमीटरला पाव किलो, २४ मिमी दाबून बसवला की ६ किलो. थंडीतल्या चारावर दोन जास्त. पूर्ण चालीला, घर्षण धरून, आर्मवर साधारण १६ किलो येतात. पेडलची तरफ तिनास एक, म्हणजे पायाला साडेपाचच्या आत. दिवसभर दाबा.

हे नळकांडं पेडलपाशी नव्हे, थेट ट्रनियनच्या आर्मवर बसवलंय. मधल्या सगळ्या जॉइंटांचा प्ले त्यामुळे न्यूट्रलच्या हिशोबातून बाद होतो. एका टोकाला चेकनट आहे, तो फिरवून न्यूट्रल लावायचं. चाकं अधांतरी, इंजिन फुल, नट सावकाश, चाकं थांबली की लॉक. हे करताना पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी सोडून चाकं ठार थांबलेली पाहिली आणि गॅरेजात एकटाच ओरडलो.

रॉड एंडबद्दल (दांड्यांच्या टोकाचे गोळीचे जॉइंट) दोन शब्द. ऑनलाइन डझनाने मिळणारे स्वस्त जॉइंट घेऊ नका. माझ्याकडे आलेले नवे कोरेच खुळखुळत होते. मॅकमास्टर-कार या सुट्या भागांच्या कंपनीचे महाग पडले, पण हाताला कळतात. आणि हायड्रोत तेल इंटरनॅशनलचं हाय-ट्रानच, यावर मी वाद घालणार नाही.

पेडल एक की दोन, यावर मात्र घाला. टाच-चवड्याचं झुलतं पेडल मी पुठ्ठ्याचा साचा कापण्यापर्यंत नेलं होतं. पण खडबडीत जमिनीवर शरीर उसळतं, पाय पेडलवर आपटतो, गाडी उचकी देते, त्याने पाय आणखी आपटतो. जॉन डिअर ४२५ ट्रॅक्टरसारखी उजवीकडे दोन वेगळी पेडलं बरी. अंतर मात्र बर्फातले बूट घालूनच ठरवा.

राहिलेल्या गोष्टी. पाय एकदम उचलला की हायड्रो स्वतःच करकचून ब्रेक लावतो आणि मागची चाकं गवत सोलतात. झीरो-टर्न मोवरच्या (जागच्या जागी वळणारं गवत कापायचं यंत्र) लिव्हरला असतो तसा डॅम्पर, म्हणजे हालचाल संथ करणारा दट्ट्या, नळकांड्याला समांतर लावायचा आहे, पण मऊच. फार कडक घेतला तर न्यूट्रलला यायला वेळ लागेल.

कॅम ब्रॅकेट काढल्यामुळे ब्रेकबरोबर न्यूट्रल होणं गेलंय, ते मला पसंत नाही. पेडलखाली बर्फ अडकला तर स्प्रिंग काय करणार? ब्रेकच्या रॉडवर वेगळी साखळी जोडायचा बेत होता, पण हे लिहिता लिहिता सुचलं: ब्रेकच्या शाफ्टवर व्ही-खाचेची पट्टी, बेलक्रँकवर (पेडलची ओढ वळवून पुढे नेणारी कोनी तरफ) एक रोलर. ब्रेक दाबला की खाच रोलरला मधोमध ढकलेल, पेडल पुढे असो वा मागे. साखळी रद्द.

गवत कापताना क्रूझ, म्हणजे पाय काढूनही वेग धरून ठेवणं, हवाच. त्यासाठी १२ व्होल्टचा इलेक्ट्रोमॅग्नेट, बेलक्रँकवर लोखंडी चाप, आणि करंट ब्रेकच्या स्विचमधून. ब्रेक दाबला किंवा तार तुटली तरी चुंबक सुटेल. कुणी असं केलं असेल तर चुंबक किती किलोचा घेतला ते कळवा. थरथरीत चाप घसरतो का, हेही.