दुखणं गळ्याचं, मग हृदयाच्या गोळ्या कशाला?

गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन फार वाढलेल्या माणसाच्या हातात चिठ्ठी पडली की हा प्रश्न ठरलेला. "डॉक्टर, गाठ तर गळ्यात आहे. मग ही हृदयाची गोळी? आणि वर ही रक्त पातळ करायची?" प्रश्न रास्त आहे. तीन गोळ्यांत गळ्याची एकच असते.

थायरॉईडचं हार्मोन शरीरभर फिरतं, पण त्याचा हिसका हृदयाला फार बसतो. ठोके सुरू करणारं केंद्र पळायला लागतं, आणि वरच्या कप्प्यांच्या स्नायूंना दोन ठोक्यांमध्ये मिळणारी उसंत आखडते. सुरुवातीला नाडी नुसती जलद असते. मी घरच्यांना सांगतो, गाढ झोपेत असताना मोजा. काळजीची धडधड झोपेत निवते, ही बहुधा निवत नाही.

त्यापुढचं दुखणं म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. मनगटावर बोटं ठेवली की दोन ठोके लगोलग लागतात, मग खंड, मग एक जोरकस, मग एक इतका क्षीण की बोटांना सापडतच नाही. स्टेथोस्कोप लावून छातीवर मोजले तर ठोके मनगटापेक्षा जास्त भरतात, कारण काही ठोक्यांआधी हृदयात रक्त भरायलाच वेळ मिळालेला नसतो. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात. रक्त पातळ करायची गोळी त्यासाठी. ती सगळ्यांनाच लागते असं नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची अवस्था असं बरंच काही बघून ती ठरते.

वयस्कर माणसं मात्र हमखास चकवतात. डोळे मोठे नाहीत, हात कापत नाहीत, फक्त वजन उतरलेलं आणि नाडी बेताल. म्हणून नाडी नव्याने अशी बिघडलेली दिसली की मी थायरॉईडची तपासणी लिहितोच.

हृदयाची गोळी बहुतेकदा प्रोप्रॅनोलॉल असते. तिने काही तासांतच नाडी उतरू लागते. दम्याचा त्रास असेल तर ती घेण्याआधी सांगा. गळ्याची कार्बिमॅझोल नवं हार्मोन बनू देत नाही, पण ग्रंथीत साठलेलं संपायला काही आठवडे जातात. तोवर हृदयाला सांभाळणारं कुणीतरी हवं ना?

"शॉक देऊन ठोके सरळ करून टाका" असाही आग्रह होतो. जिवावर बेतलं असेल तर देतोच. एरवी थायरॉईड चढलेलं असताना दिलेला शॉक टिकेल याचा भरवसा नसतो, आणि थायरॉईड ताळ्यावर आलं की अनेकांचे ठोके आपोआप सरळ होतात. थांबायची तयारी नसलेल्या नातेवाइकांना हे पटवणं अवघड जातं. ठोक्यांसाठी वापरली जाणारी अमिओडॅरोनही इथे जपून द्यावी लागते. तिच्या 200 मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं. शरीराची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम. ही गोळी स्वतःच थायरॉईड चढवू शकते.

सणकून ताप, 140 च्या पुढे नाडी आणि असंबद्ध बडबड एकत्र दिसली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. त्या अवस्थेत जीव जाऊ शकतो.

या गोळ्या कधी सुटणार, हे तुम्ही पुढे विचारालच. थायरॉईड नॉर्मलला आलं की हृदयाची गोळी सहसा आधी कमी होते. ग्रेव्हज आजारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला जादा हार्मोन बनवायला लावते तेव्हा, गळ्याची साधारण 12 ते 18 महिने चालते. रक्त पातळ करायचीचं मात्र ईसीजी बघून ठरवू. ती मनाने बंद करू नका.