दीडशे प्रश्नांनंतर

मुंबईतील परीक्षा केंद्रात एनक्लेक्स-आरएन या परिचारिकांच्या अमेरिकन परवाना परीक्षेच्या १५०व्या प्रश्नाचे उत्तर नोंदवल्यावर संगणकाने परीक्षा संपल्याचे जाहीर केले, तेव्हा खरडण्यासाठी दिलेल्या फळीवर माझे दोन गुणाकार आणि एका औषधाचे नाव एवढेच लिहिलेले होते. पाच तासांपैकी बहुतेक वेळ मी वापरला होता आणि मधल्या दोन्ही ऐच्छिक विश्रांती घेतल्या नव्हत्या, कारण एकदा उठले तर लागलेली तंद्री मोडेल अशी मला भीती वाटत होती. दोन कामकाजाच्या दिवसांनंतर सुमारे आठ डॉलर भरून अनधिकृत निकाल पाहिला, तर त्यात 'फेल' एवढेच होते. सात वर्षे वॉर्डात काढलेल्या, नव्या मुलींना सलाईन लावायला शिकवणाऱ्या मला ते पचायला आठवडा लागला. गावी आईला फोनवर सांगितले तेव्हा तिने विचारले, "किती मार्क कमी पडले गं?" या परीक्षेच्या निकालात मार्क नसतात हे तिला समजावताना माझ्या लक्षात आले, की ते मलाही पुरते उमगलेले नव्हते.

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करण्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यावी लागते. १९९४ पासून ती संगणकावर घेतली जाते आणि प्रत्येक उत्तरानंतर संगणक उमेदवाराच्या क्षमतेचा नवा अंदाज बांधून पुढचा प्रश्न निवडतो. हा प्रश्न असा निवडलेला असतो, की तो बरोबर येण्याची आणि चुकण्याची शक्यता साधारण सारखीच असावी. त्यामुळे हुशार उमेदवारालाही पेपर कठीणच वाटतो, आणि बाहेर येताना अर्धे प्रश्न चुकले असे वाटणे हे पास होणाऱ्याच्याही नशिबी असते. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न येतात, त्यांतले १५ केवळ नवे प्रश्न पारखण्यासाठी असून गुणांकनात धरले जात नाहीत, पण ते कोणते हे कळायला मार्ग नसतो. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याबद्दल संगणकाची ९५ टक्के खात्री पटली की परीक्षा थांबते. शेवटपर्यंत खात्री पटली नाही, तर १५०व्या प्रश्नानंतरचा अंदाज रेषेच्या वर आहे का एवढेच पाहिले जाते. म्हणजे मी रेषेच्या आसपास रेंगाळत राहिले आणि शेवटी खालच्या बाजूला थांबले. हे कळल्यावर वाईट वाटले, पण 'आपल्याला काहीच येत नाही' हा जो धसका बसला होता तो ओसरला.

नापास झालेल्यांना एक अहवाल मिळतो. त्यात विषयाच्या प्रत्येक भागापुढे तुम्ही रेषेच्या वर, जवळ की खाली होता एवढेच लिहिलेले असते. औषधोपचार, शरीराच्या बिघडलेल्या क्रियांची शुश्रूषा, जंतुसंसर्ग, यांत मी 'जवळ' किंवा 'वर' होते. 'खाली' हा शेरा दोन ठिकाणी होता, शुश्रूषेचे व्यवस्थापन आणि मानसिक-सामाजिक आधार. पहिल्या खेपेला मी या दोन्हींना जेमतेम चार दिवस दिले होते, कारण रोज वॉर्ड चालवणारीने व्यवस्थापन काय वाचायचे असे माझे मत होते. परीक्षेच्या २०२३ च्या आराखड्यात एकट्या व्यवस्थापनाचा वाटा १५ ते २१ टक्के, म्हणजे सर्व भागांत सर्वांत मोठा आहे, हे मी वाचले होते, पण मनावर घेतले नव्हते.

पुन्हा परीक्षा देण्यासाठी किमान ४५ दिवस थांबावे लागते. शुल्काचे २०० डॉलर आणि भारतात केंद्र घेतल्याबद्दलचे १५० डॉलर, शिवाय कर, हे सगळे नव्याने भरावे लागते. ४६व्या दिवशी जाऊन बसण्याची मला मनापासून इच्छा होती, आणि नवऱ्याने त्या दिवशी लॅपटॉप बंद करून टाकला याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मी चार महिने घेतले.

या चार महिन्यांत माझी मुख्य साथ एका दोनशे पानी वहीने केली. सरावात चुकलेला प्रत्येक प्रश्न मी तिच्यात लिहिला, पण बरोबर उत्तराऐवजी मी चुकीचे उत्तर का निवडले हे आधी लिहिले. सुरुवातीला कारणे दोनच असतील असे वाटले होते, माहिती नव्हती किंवा प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या शंभर चुका झाल्यावर वही चाळली, तेव्हा तिसरेच कारण सर्वांत जास्त वेळा आले होते आणि त्यापुढे मी सरसकट 'आपल्याकडे असेच करतात' असे लिहिले होते.

एक प्रश्न घ्या. चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल? एकाला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दहापैकी आठ वेदना आहेत, एकाची साखर २२० आहे, एकाचे नातेवाईक डिस्चार्जसाठी खोळंबले आहेत, आणि एक बाई थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती मुंग्या येतात असे सहज सांगत आहे. मी वेदनेकडे गेले, कारण आमच्या वॉर्डात जो कण्हतो त्याच्याकडे पाय आपोआप वळतात आणि ज्याचे नातेवाईक काउंटरवर येऊन बोलतात त्याचा नंबर त्याच्याही आधी लागतो. मुंग्या येणाऱ्या बाईचे कॅल्शियम घसरलेले असू शकते, कारण थायरॉइड काढताना शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का बसू शकतो. हे मला ठाऊक होते. घशाचे स्नायू आवळून श्वास कोंडू शकतो हेही ठाऊक होते. तोंडी परीक्षेत कोणी विचारले असते तर झोपेतून उठून सांगितले असते. पण चार जणांच्या रांगेत ती शांतपणे बोलणारी बाई माझ्या नजरेतून निसटली.

काम वाटून देण्याच्या प्रश्नांत तर माझी फारच फजिती झाली. आपल्याकडे रुग्णाला भरवणे हे मावशींचे, आणि खरे म्हणजे घरच्यांचे काम आहे. डबा घेऊन आलेली सून सासऱ्यांना भरवते आणि आपण लांबून पाहतो. परीक्षेतील रुग्णालयात मात्र नातेवाईक जवळजवळ नसतातच. तेथे परिचारिका, तिच्या हाताखालची परवानाधारक सहायक परिचारिका आणि परवाना नसलेला मदतनीस असे तीन स्तर असतात, आणि कोणते काम कोणाकडे सोपवता येते यावर प्रश्न येतात. पक्षाघातानंतरचे पहिले जेवण मदतनीसाकडे सोपवता येत नाही, कारण रुग्ण गिळू शकतो की नाही हे तपासणे हा निर्णयाचा भाग आहे. मूल्यमापन, शिकवणे आणि निर्णय ही कामे नोंदणीकृत परिचारिकेनेच करायची, हे सूत्र मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आणि रोज पाठ असल्यासारखे वाचले.

मानसिक आधाराच्या भागात मला सर्वांत जास्त जड गेले ते आपलेच एक वाक्य. "मला ऑपरेशनची भीती वाटते," असे रुग्ण म्हणाला की चार पर्यायांत "काळजी करू नका, आमचे डॉक्टर फार अनुभवी आहेत" हा पर्याय हटकून असतो आणि तो हटकून चुकीचा असतो. परीक्षेच्या दृष्टीने ते खोटे आश्वासन आहे आणि त्याने रुग्णाचे बोलणे तिथेच थांबते. "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते ते सांगाल का?" हे उत्तर अपेक्षित असते. सात वर्षांत मी "काळजी करू नका" किती हजार वेळा म्हटले असेल याची मोजदाद नाही. त्या वाक्यात काही वाईट आहे असे मला अजूनही वाटत नाही, पण त्याने बोलणे थांबते याचा गेल्या महिन्यात एका रात्रपाळीला प्रत्यय आला. पहाटे तीनच्या सुमारास आठ नंबरच्या आजोबांच्या पत्नी काउंटरपाशी आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, बरे होतील ना हे?" ओठांवर आलेले वाक्य मी गिळले आणि विचारले, "आजी, तुम्हाला काय वाटतं?" त्या खुर्चीवर बसल्या आणि पाऊण तास बोलल्या. मुलगा दुबईला आहे, घर गहाण आहे, आणि आजोबांनी गोळ्या दोन महिने बंद ठेवल्या होत्या. ही शेवटची गोष्ट आमच्या केसपेपरवर कुठेच नव्हती. सकाळच्या राऊंडला मी ती सांगितली.

औषधांच्या नावांचा घोळ त्या मानाने सोपा होता, फक्त चिकाटीने सोडवावा लागला. आपले पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन होते, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते, ॲड्रेनालिन एपिनेफ्रिन होते आणि पेथिडिन मेपेरिडिन होते. वजन पौंडात आले तर २.२ ने भागायचे, आणि १००.४ फॅरेनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस हे पक्के करून ठेवायचे. इन्सुलिनच्या बाबतीत मात्र अंगावर काटा आला. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटल्या सर्रास वापरात आहेत, तिकडे १०० युनिट हे नेहमीचे प्रमाण आहे, आणि माझ्या हाताला सवय चाळीसच्या सिरिंजची आहे.

एप्रिल २०२३ पासून परीक्षेचे स्वरूप बदलले आहे. एकाच रुग्णाची कहाणी सहा प्रश्नांतून उलगडत जाते आणि लक्षणे ओळखण्यापासून परिणाम तपासण्यापर्यंत एकेक पायरी विचारली जाते. 'लागू असलेले सर्व पर्याय निवडा' या प्रश्नांना पूर्वी सगळे बरोबर तरच गुण मिळत, आता अंशतः गुण मिळतात, पण चुकीच्या खुणेला गुण वजाही होतात, अर्थात शून्याच्या खाली जात नाहीत. मी पहिल्या खेपेला जुन्या व्हिडिओंवर विसंबून राहिले होते, आणि शंका असेल तिथेही खूण करत सुटले होते. आता ज्या पर्यायाचे कारण एका वाक्यात सांगता येत नाही, त्यावर मी खूण करत नाही. मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही, म्हणून सरावातही परत जाण्याची मुभा मी स्वतःला दिलेली नाही. शाळेपासून लागलेली 'शेवटी एकदा तपासून पाहू' ही खोड सोडायला मला व्यवस्थापनाच्या सगळ्या धड्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

रात्री आठ ते सकाळी आठच्या पाळीनंतर अभ्यास होत नाही हेही मी उशिराच मान्य केले. आधी मी घरी येऊन चहा पिऊन पन्नास प्रश्न सोडवत असे आणि त्यांतले निम्मे चुकले की रडत असे. आता रात्रपाळीच्या दिवसांत वही फक्त वाचते, आणि सुट्टीच्या दिवशी केंद्रावरच्या वेळेलाच बसून ८५ प्रश्न सलग सोडवते. दोन तासांनी विश्रांती येते, तेव्हा उठून गॅलरीत जाते आणि एक केळे खाते. तंद्री मोडत नाही, हे आता अनुभवाने सांगू शकते.

परीक्षा येत्या गुरुवारी आहे. पासपोर्टवरील नाव आणि नोंदणीतील नाव अक्षरशः सारखे आहे ना, हे तीनदा पाहून झाले आहे. बुधवारची माझी रात्रपाळी इन-चार्ज सिस्टरांनी कुरकुर करत बदलून दिली आहे आणि त्याच्या बदल्यात रविवारी मी दोन पाळ्या सलग करणार आहे. वहीत अजून अकरा पाने कोरी आहेत. उद्या सकाळी घरी आल्यावर वहीतले कामवाटपाचे दहा प्रश्न तेवढे वाचायचे आहेत.