चिमूटभर म्हणजे किती?

"आई, चिमूटभर हिंग म्हणजे नक्की किती ग्रॅम?" आमटीची फोडणी करताना लेकाने आज वजनकाटा पुढे सरकवत विचारले, आणि मी डबीत बोटे घातली तेव्हा हिंग चिमटीत आला आहे की नाही, हेच मला कळेना.

पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या केमोच्या औषधामुळे बोटांची टोके बधिर होऊ शकतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पण ज्या बोटांच्या अंदाजावर 26 वर्षे या घराचे मीठ-तिखट चालले, तीच परकी वाटू लागतील, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. (स्तन काढला, केस गेले, तेव्हाही मी इतकी हबकले नव्हते.)

शेवटी त्यालाच चिमूट धरायला लावून मी नजरेने माप सांगितले. काट्यावर शून्यच आले. त्याने वहीत 'शून्य ग्रॅम, पण हवाच' असे लिहिले आणि खाली तारीख घातली. ती तारीख पाहून हे उठून गॅलरीत गेले.

आजार हाडांत पोहोचल्यापासून घरात मला कुणी कामाला हात लावू देत नाही. ही मायाच आहे, हे मला समजते. पण जिच्यावाचून या घरात पान हलत नव्हते, तिला एकदम 'तू फक्त पडून राहा' म्हणणे, म्हणजे तिला आधीच थोडे वजा करणे नव्हे का?

उद्या गोडा मसाला. दगडफुलाचे माप त्याला काट्यावर कसे दाखवू?