सातव्या पानाने केला घात: मामेई नव्हे, प्लोमनी!

मामेई आणि प्लोमनी या फिलोडेंड्रॉन या शोभेच्या पानांच्या झाडाच्या दोन जाती. मागच्या नोंदीत माझ्या नव्या रोपाचा मोठ्या तोऱ्यात ‘अखेर मामेई आली’ म्हणून फोटो टाकला होता. तो मागे घेतो. परवा सातवं पान उघडलं आणि सगळं मुसळ केरात.

सहा पानांपर्यंत शंकेला जागाच नव्हती. बदामी आकार, खोल दबलेल्या शिरा, मधे रुपेरी शिंतोडे. हे सातवं मात्र चांगलं तळहाताच्या दुप्पट झालं आणि देठाच्या दोन्ही कडांना चक्क चुणीदार झालर! मामेईच्या देठाला ती नसते, ही प्लोमनीची खूण. म्हणजे इतके महिने मी पानावरची चांदी न्याहाळत बसलो आणि देठाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्लोमनीतही रुपेरी रोपं निघतात, हे माहीत असून!

तरी मन मानेना. तहानलेल्या रोपाच्या देठाच्या कडाही आत वळतात, म्हटलं तसंच असेल. दोन दिवस नीट पाणी दिलं, झालर जागच्या जागी. शेवटी पिवळं पडलेलं खालचं पान बळी दिलं. नव्या ब्लेडने देठ आडवा कापून भिंगाखाली धरला: वरून सपाट, खालून गोल, आणि दोन्ही कोपऱ्यांतून बाहेर आलेला पातळ पडदा. विषय संपला.

विक्रेत्याला कळवलं, तर म्हणे ‘दोन्ही सारखीच की’. कशी सारखी? जातीच वेगळ्या! मामेईला आंद्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1883 मध्येच नाव दिलंय, आणि प्लोमनी हे नाव टिमोथी प्लोमन या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलंय. बोटभर रोपाला लेबल लावून विकणाऱ्यांवर माझा आता काडीचा विश्वास नाही.

माझं दुसरं फिलोडेंड्रॉन, ग्लोरिओसम, मजेत आहे. मखमल तशीच, शिरा पांढऱ्याशुभ्र. (चकचकीत पान आलं असतं, तर पास्ताझानम या चकचकीत पानांच्या जातीचा संशय घेऊन आणखी एक रात्र गेली असती.) रांगतं खोड कुंडीच्या मातीच्या मिश्रणाच्या वर उघडं ठेवून लांबट ट्रेमध्ये हलवल्यापासून कूज थांबली, आणि मागच्या पेरावरचा झोपलेला डोळा (कोंब) फुगलाय. त्याला रोज सकाळी बघून येतो!

या आठवड्यात प्लोमनीचं खोड कापून दोन तुकडे करणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, आत्ता नको. आणखी दोन पानं येऊ देत, प्रत्येक देठाचा एकाच बाजूने, पट्टी ठेवून फोटो काढतो. त्याच लॉटमधलं रोप तुमच्यापैकी तिघांकडे आहे. आधी देठ बघा, मग मला शिव्या घाला.