तुम्ही विचारलंत म्हणून: पेटीचा गंधार

मैफल संपून चहा सुरू झाला की कुणीतरी जवळ येतंच. "हात गोड आहे हो तुमचा, पण पेटीचा गंधार जरा चढा वाटतो. सुरात लावून का घेत नाही?" तीस वर्षं पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, साथ करतोय आणि तीस वर्षं हे ऐकतोय. दरवेळी "हो, बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगतो.

गंधार, म्हणजे सारेगमातला ग, चढा आहे. मला तो तुमच्याआधी टोचतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार उमटतो, तो षड्जापासून, म्हणजे सा पासून, 386 सेंटांवर. (पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे 100 सेंट.) पेटीतली सगळी अंतरं सारखी, त्यामुळे तिचा गंधार 400 वर. टोचतात ते हे 14 सेंट. पंचमात फरक जेमतेम दोनाचा, म्हणून पंचमाची तक्रार घेऊन कुणी येत नाही.

तंबोऱ्याचा मणी सरकवता येतो. पेटीत पितळेची जीभ असते, हवेच्या झोतात ती आपल्या खाचेतून आतबाहेर थरथरते. टोकाशी खरवडली की हलकी होते, सूर चढतो. बुडाशी खरवडली की तिचा ताठपणा कमी होतो, सूर उतरतो. खरवडलेलं पितळ परत येत नाही.

तरी मी ते केलं. एका बाईंची साथ तेव्हा नियमित करत होतो, त्यांची पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा. माझी खर्ज-नर पेटी, 42 पट्ट्या, दोन मेळ (जिभांचे संच, एक खर्जाचा, एक त्याच्या वरचा), म्हणजे 84 सूर; जिभेला आम्ही सूरच म्हणतो. एकेका जिभेखाली पत्र्याची चकती सरकवायची, पात्याने दोनदा हलकेच ओढायचं, फुंकर मारून कीस उडवायचा, सूर परत बसवून काळी पाचवर लावलेल्या तंबोऱ्याशी ताडून बघायचा. चार रात्री गेल्या. पाचव्या रात्री यमनाचा गंधार दाबला आणि तो तंबोऱ्यात विरघळून गेला. पेटी वाजतेय की तार, ते कळेना. डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत.

मैफलीच्या दिवशी बाई आल्या त्या गळ्याला मफलर गुंडाळून. म्हणाल्या, "घसा धरलाय, आज पांढरी सहा घेऊ." अर्धा सूर खाली. माझ्या पोटात गोळा आला, पण बोललो नाही. तंबोरे पेटीच्या पांढरी सहावर लागले. यमनच होता. षड्ज आणि पंचम सोडले तर एकही सूर जागेवर नव्हता. काळी पाचचा कोमल गंधार आता शुद्ध गंधार झाला होता, आणि तो पडत होता 428 वर. चौदाच्या जागी बेचाळीस सेंट चढा! बाईंनी आलापात गंधारावर मुक्काम केला, मी मागून तो धरला, आणि त्यांचा आवाज हलला. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा त्यांनी गाता गाताच पेटीच्या झाकणावर हात ठेवला. उरलेली मैफल मी नुसता षड्ज-पंचम धरून बसलो. नंतर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गळा रोज एका पट्टीवर राहत नाही, आणि साथीदार रोज एकाच गळ्यामागे बसत नाही. म्हणून मैफलीची पेटी सगळ्यांना थोडी थोडी खोटी ठेवावी लागते. त्या चार रात्री जागणारा मी हे ऐकून भित्रा म्हणेल मला. म्हणेल, तडजोडीला तू शहाणपण म्हणायला लागलास. त्याच्यापुढे माझ्याकडे एकच उत्तर आहे, की गंधारावर मी पट्टी धरून ठेवत नाही, स्पर्श करून सोडतो. त्याचं समाधान होईल असं हे उत्तर नाही. आणि 22 श्रुतींच्या पेटीचं म्हणाल, जिच्यात खुंटी ओढून पट्टीचा सूर किंचित बदलता येतो, तर त्या खुंट्या ऐन मैफलीत ओढायला माझा हात अजून धजत नाही.

ती खरवडलेली पेटी घरात आहे. पुन्हा लावून घेतलेली नाही. रात्री तंबोरा काळी पाचवर लावतो आणि तासभर तिच्यावर यमन वाजवतो.