होमलॅब नोंद ३ : डेटास्टोअरवरून व्हीएमकडे

माझ्या होमलॅबमध्ये (घरच्या सर्व्हरांवर) काय कुठे चालतं हे दाखवणारी पानं मी बनवतोय; माहिती व्हीसेंटरकडून, म्हणजे हे सगळं सांभाळणाऱ्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरकडून, येते. व्हीएमच्या (आभासी संगणकाच्या) पानावर तिचा होस्ट (ती चालवणारं यंत्र) नि डेटास्टोअर (तिच्या फाइलींची साठवण) मागच्या वेळी दिसू लागले. ते सोपं होतं. या आठवड्यात उलटा रस्ता केला: डेटास्टोअर उघडला की त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं दिसावं. मुळात मला हेच हवं होतं. सांगलीत पावसाळ्यात लाईट गेली की माझा यूपीएस वीस मिनिटं धरतो. तेवढ्यात डेटास्टोअर म्हणून वापरलेल्या एनएएसवरच्या (नेटवर्कवरून जोडलेल्या साठवणीच्या पेटीवरच्या) व्हीएम बंद करून मग एनएएस बंद करायचा असतो.

व्हीसेंटर देतं त्या डेटास्टोअरच्या माहितीत 'व्हीएम' या रकान्यात व्हीएमचे थेट संदर्भ (ओळखखुणा) मिळतात, 'होस्ट' या रकान्यात होस्टचे तसे मिळत नाहीत. तिथे प्रत्येक होस्टच्या माउंटची (डेटास्टोअर त्या होस्टला कसा जोडलाय याची) नोंद असते आणि होस्टचा संदर्भ तिच्या 'की' या भागात. मी ती नोंदच होस्ट समजून लिंक बनवत होतो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. त्याच नोंदीत माउंट नुसतं वाचण्यापुरतं आहे की लिहिताही येतं, हे असतं. तेही आता लिंकशेजारी दाखवतो.

खरी मेख पुढे होती. एनएएसच्या पानावर नऊ व्हीएम आल्या, पण मला खात्रीने पाचच माहीत होत्या. उरलेल्या चारींना सीडी ड्राइव्हवर एनएएसमधली आयएसओ (सीडीची प्रत असलेली फाइल) जोडलेली राहिली होती. व्हीएमला आयएसओपुरता लागलेला डेटास्टोअरही संबंधितच धरला जातो, आणि ते चूक नाही. फक्त माझ्या कामाला ते पुरेसं नाही. म्हणून आता प्रत्येक व्हीएमचं हार्डवेअर वाचून तिच्या डिस्क कुठे आहेत ते पाहतो, शिवाय व्हीएमएक्स फाइलचा (व्हीएमच्या सेटिंगच्या फाइलचा) मार्गही. लिंक दोन प्रकारच्या झाल्या: 'इथेच राहते' आणि 'फक्त आयएसओ'.

लिंक नावावर बांधू नका. वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या व्हीएम असू शकतात. 'व्हीएम-४२' छापाचा संदर्भ बरा, पण व्हीएम इन्व्हेंटरीतून (व्हीसेंटरच्या यादीतून) काढून पुन्हा नोंदवली की तो बदलतो. जपून ठेवायच्या लिंकसाठी मी इन्स्टन्स यूयूआयडी (प्रत्येक व्हीएमचा वेगळा लांब ओळखक्रमांक) घेतला.

चाचणी व्हीसीसिमवर, म्हणजे व्हीसेंटरच्या सिम्युलेटरवर, करतो. त्यात सुरुवातीला डेटास्टोअर एकच असतो, तेव्हा संख्या वाढवूनच सुरू करा.

शनिवारी दुपारी विश्रामबागेत लाईट गेली. पान उघडलं, यादीप्रमाणे चार व्हीएम बंद केल्या. पाचवी व्हीसेंटर स्वतःच. ती बंद झाली की पानाला माहिती देणारंच कुणी उरत नाही, आणि होस्ट व एनएएस तर अजून बाकी असतात. त्या दिवशी होस्टवर थेट लॉगिन करून निभावलं. आता दर पाच मिनिटांनी सगळ्या संबंधांची प्रत रास्पबेरी पाय या छोट्या वेगळ्या संगणकावर ठेवतोय.